रिटायर झाल्यावर गावासाठी आठवड्याचे दोन तास : सुरुवात कुठून करायची आणि काम टिकवायचं कसं

पंचायत समितीतून मी ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, गटविकास अधिकाऱ्यांचं भाषण, गळ्यात हार, सगळं रीतसर झालं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतलो तेव्हा पहिला महिना लोक ‘साहेब’ म्हणून हात जोडायचे. दुसऱ्या महिन्यात पानठेल्यावर माझी जागा पक्की झाली, अकरा ते एक. तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, “तुमी दिवसभर घरात फिरून राहिले, मले झाडूबी मारता येत नाई.”

मग मी दारावर बोर्ड लावला. ‘मोफत मार्गदर्शन केंद्र, वेळ १० ते ५’. पेंटरला साडेतीनशे रुपये दिले. बारा दिवसांत एक पोरगा आला, तोही मोबाईलचा रिचार्ज मिळतो का विचारायला. तेराव्या दिवशी शेजारच्या गल्लीतली काकू आली. तिचे श्रावणबाळ योजनेचे पैसे तीन महिन्यांपासून आले नव्हते. मी खुर्चीत सावरून बसलो आणि तिला कार्यपद्धती सांगायला लागलो. कोणत्या टेबलावर जायचं, कोणता अर्ज, कोणती जोडपत्रं. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “भाऊ, सांगू नका. संगं चाला.”

निवृत्तीनंतर गावात काही करावं असं मनात असलेल्यांसाठी हा लेख आहे, आणि त्यात काकूच्या त्या वाक्यापेक्षा मोठं असं काही मी सांगणार नाही. बाकीचा सगळा तपशील आहे. पण काम बिघडतं ते तपशिलातच.

पहिले तीन महिने काही हाती घेऊ नका

निवृत्तीचा ताजा उत्साह फसवा असतो. ३० वर्षं कुणीतरी आपल्याला काम देत होतं, ते थांबलं की हात शिवशिवतात आणि माणूस दिसेल ते अंगावर घेतो. ग्रंथालय, मंदिराचा जीर्णोद्धार, पाणी समिती, सगळं एकदम. सहा महिन्यांत दमतो, रुसतो आणि ‘गावाला किंमत नाही’ म्हणत घरी बसतो. असे तीन-चार जण मला माहीत आहेत. बोर्डाच्या दिवसांत मीही त्यातलाच होतो.

या तीन महिन्यांत आपलं घर आधी लावून घ्या. पेन्शनची कागदं, वारसाचं नामनिर्देशन, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. बीपी आणि साखर तपासा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असेल तर ऑपरेशन टाळू नका, सरकारी रुग्णालयात ते मोफत होतं. आणि कान तपासा. कानाकडे आपण लक्षच देत नाही. कमी ऐकू येणारा माणूस अर्धवट ऐकतो, भलतं उत्तर देतो, मग चिडतो, आणि चार लोकांतून हळूहळू उठून जातो. लोकांत काम करायचं तर कान हे पहिलं हत्यार.

घरच्या माणसाशी बोला. तुमचे रिकामे तास तुमचे एकट्याचे नसतात. बायकोनं ३० वर्षं तुमच्या रजेची वाट पाहिलेली असते, तिची पंढरपूरची वारी राहिलेली असते, गुडघ्याचा एक्स-रे राहिलेला असतो. गावाची विहीर उपसून देणाऱ्याच्या घरचा माठ रिकामा असेल तर लोक हसतात, आणि बरोबर हसतात.

शेतकऱ्याचं वेगळं आहे. त्याला कुणी निरोप समारंभ करत नाही. एक दिवस मुलगा न विचारता बियाण्याची बॅग घेऊन येतो, आणि बापाला कळतं की वावराचा कारभार हातातून गेला. नोकरदाराच्या निवृत्तीपेक्षा हे जास्त लागतं, कारण वावर डोळ्यांसमोरच असतं. घरच्या बाईचंही तसंच. स्वयंपाकघर सुनेच्या हाती गेलं की सासूची निवृत्ती झाली, फक्त पेन्शन नाही. पुढचं सगळं या दोघांनाही लागू आहे, किंबहुना जास्तच.

वहीत हुद्दा नको, हात लिहा

एक साधी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर ‘मी काय होतो’ ते लिहू नका, ‘मला काय येतं’ ते लिहा. फरक मोठा आहे. ‘सेवानिवृत्त विस्तार अधिकारी’ याचा गावाला उपयोग शून्य. ‘अर्जातली चूक बघताच दिसते’, ‘तहसीलमध्ये कोणत्या खिडकीला काय होतं ते माहीत आहे’, याचा उपयोग आहे. एसटीचा निवृत्त मेकॅनिक असेल तर इंजिनाचा आवाज ऐकून तो बिघाड सांगतो. लाईनमन असेल तर कोणत्या वावरातली तार लोंबते ते त्याला ठाऊक. नर्सबाई असेल तर पोटुशी बाईच्या पायावरची सूज ती चालताना ओळखते. वेकोलीच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणीतून आलेल्या माणसाला सुरक्षिततेची जी शिस्त असते, ती गावातल्या विहीर उपसणाऱ्यांना माहीतच नसते. आणि ज्याला काहीच येत नाही असं वाटतं, त्याला बहुधा शांत बसून ऐकता येतं. तेही लिहा. त्याची गरज सगळ्यात जास्त आहे.

दुसऱ्या पानावर आपल्याला काय जमत नाही ते. मला हिशेब ठेवता येतात, पण माझा आवाज चढतो. हे मी लिहून ठेवलं, म्हणून पैशाच्या भांडणात मध्यस्थीला मी जात नाही.

गावाला विचारा, पण नीट विचारा

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन गल्ल्या झाडत, कीर्तन संध्याकाळी. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपण उलटं करतो. आधी भाषण, झाडायला दुसरा.

चार ठिकाणी जा : आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेचे मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायतीचा शिपाई. हो, शिपाई. सरपंचाला माहीत नसतं ते त्याला माहीत असतं. ‘मी काय करू शकतो?’ असं विचारलं की समोरचा संकोचानं म्हणतो, “तुमी काय करसान साहेब, आराम करा.” त्याऐवजी विचारा, ‘तुमचं कोणतं काम अडून राहिलं?’ आमच्या आशाताईनं या प्रश्नावर लगेच बोटं मोजली. दोन म्हाताऱ्या बीपीच्या गोळ्या आणायला आरोग्य केंद्रात जात नाहीत, कारण सोबत कुणी नाही. एका क्षयरुग्णाच्या घरी धान्य कमी आहे. आणि तिच्या रजिस्टरच्या बेरजा जुळत नाहीत. तिन्ही कामं तासा-दोन तासांची. एकालाही बोर्ड लागत नाही.

ग्रामसभेत जाऊन बसा. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. पहिल्या दोन सभांत बोलू नका, फक्त लिहून घ्या. कोणता विषय दर वेळी येतो आणि दर वेळी ‘पुढच्या सभेत’ जातो, तो तुमचा विषय असू शकतो.

दोन तासच का

अमेरिकेत ५० वर्षांवरच्या सुमारे १३,००० लोकांचा चार वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला १०० तास किंवा त्याहून जास्त स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण आणि चालणं-फिरणं अवघड होण्याचं प्रमाण कमी दिसलं, मनाची उमेद जास्त दिसली. १०० तास म्हणजे आठवड्याला दोन. पण त्याच अभ्यासात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांत फरक दिसला नाही. म्हणजे समाजसेवा सुरू केली म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. दुसरी शंकाही रास्त आहे : जो धडधाकट असतो तोच घराबाहेर पडतो, मग सेवेनं तब्येत राहिली की तब्येतीनं सेवा झाली? संशोधक आकडेमोड करून हा गोंधळ कमी करतात, पण पुरता मिटवता येत नाही.

बाल्टिमोर शहरात हा गुंता सोडवायचा प्रयत्न झाला. साठीच्या पुढच्या लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एका गटाला प्राथमिक शाळांत मुलांना वाचायला मदत करायला पाठवलं, आठवड्याला १५ तास. त्यातल्या काहींच्या मेंदूचे फोटो काढले तेव्हा आठवणींशी संबंधित भाग, विशेषतः पुरुषांमध्ये, टिकून राहिल्याच्या, थोडा वाढल्याच्या खुणा दिसल्या. मला त्यात आवडलेली गोष्ट मेंदूची नाही. त्या लोकांना ठरलेल्या दिवशी कुठंतरी वेळेवर पोचायचं होतं, जिने चढायचे होते, मुलांची नावं लक्षात ठेवायची होती. म्हणजे नोकरीतलं चांगलं तेवढं परत मिळालं आणि साहेब मिळाला नाही.

आणखी एक निष्कर्ष आमच्या वयाच्या पुरुषांनी भिंतीवर लावावा. अमेरिकेतल्याच २०१२ च्या एका अभ्यासात, दुसऱ्यांसाठी म्हणून सेवा करणारे जास्त जगले. स्वतःच्या फायद्यासाठी, मन रमावं म्हणून करणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. सत्काराच्या शालीनं आयुष्य वाढत नाही, एवढं तरी यातून घ्यायला हरकत नाही.

म्हणून दोन तास. दिवस आणि वेळ ठरलेली. माझा मंगळवार, सकाळी आठची एसटी.

कोणतं काम, आणि ते नेमकं कसं

*सोबत जाणं.* माझ्या मते गावातलं हे सगळ्यात मोठं आणि कुणीच न करणारं काम. पहिल्या मंगळवारी काकूबरोबर तालुक्याला गेलो. बँकेत कळलं की खातं आधारशी जोडलेलंच नाही. जोडायला अंगठा लावायचा, तर मशीन अंगठा घेईना. डावा नाही, उजवा नाही. ऑपरेटर म्हणाला, उद्या या. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. कापूस वेचताना सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात. ४० हंगाम वेचलेल्या त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या, नुसती चकाकी. तिला नळावर नेलं, हात धुतले, धोतराच्या सोग्यानं नाही तर कोरड्या रुमालानं टिपले, आणि ऑपरेटरला म्हटलं, बाकीची बोटं घेऊन बघा. आठव्या बोटाला, डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्याला, मशीननं हिरवा दिवा दाखवला. काकू मशीनकडे पाहून म्हणाली, “हे बोट कामाचं नवतं, म्हणून राह्यलं.”

ते तिला एकटीला जमलं नसतं. तिला बुद्धी कमी म्हणून नाही, ‘उद्या या’ म्हटल्यावर ‘आजच बघा’ म्हणणारं कुणी नव्हतं म्हणून. कारकून म्हणून मी स्वतः किती जणांना ‘उद्या या’ म्हटलं असेल, याचा हिशेब मी करत नाही.

सोबत जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन पिशवी बघा. आधार, पासबुक, खात्याला जोडलेला नंबर असलेला मोबाईल (तो हमखास मुलाकडे पुण्याला असतो), दोन फोटो, मागच्या अर्जाची पोच. पोच नसेल तर या वेळी घेतल्याशिवाय उठायचं नाही. पोच म्हणजे तारीख आणि शिक्का, नुसतं ‘ठेवून जा’ नाही. बोटांचे ठसे अजिबात उमटत नसतील तर चेहरा किंवा डोळ्यांवरून ओळख पटवायची सोय आहे का ते विचारा. पेन्शनरांचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे मोफत, पण वयाचा पुरावा जवळ पाहिजे. मला स्वतःला अर्धं तिकीट पुढच्या वर्षी.

दवाखान्यात जाताना सगळ्या जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या एका थैलीत. रक्ततपासणी उपाशीपोटी असेल तर ते आदल्या दिवशी सांगा, आणि स्वतःच्या खिशात बिस्किटाचा पुडा ठेवा. परत आल्यावर वाचता न येणाऱ्यासाठी गोळीच्या पाकिटावर पेननं सूर्य काढा किंवा चंद्र. दोन्ही वेळची असेल तर दोन्ही. ७० च्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. कुटुंबातल्या ७० वरच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. ते कार्ड आजारी पडण्याआधी काढायचं असतं, हे सांगायला सोबत जाणाराच लागतो.

*वाचायला बसणं.* शाळेत जायचं तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घाला. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर नाव नोंदवता येतं, तिथं शाळा आपली गरजही टाकतात. पण नोंदणीपेक्षा महत्त्वाचं बसणं. एका वेळी तीन-चार मुलं, चटईवर, दार उघडं, बाकी शिक्षकांना दिसेल असं. कोणत्याही मुलाबरोबर एकट्यानं बंद खोलीत बसू नका, शिकवणीलाही नाही. हा तुमच्यावर अविश्वास नाही, मुलाची आणि तुमची दोघांची काळजी आहे.

मूल जोडाक्षरावर अडखळलं की आपली जीभ लगेच पुढे धावते. धावू देऊ नका. मनात पाच अंक मोजा. बहुतेक वेळा तिसऱ्या अंकाला मूल स्वतःच शब्द फोडतं. आणि ‘मी जाऊन राहिलो’ म्हणालं तर ‘अशुद्ध’ म्हणून कान उपटू नका, ती त्याच्या घरची भाषा आहे. पुस्तकातला शब्द शेजारी ठेवा, घरचा शब्द हिसकावू नका. आमच्या जिल्ह्यात कोलाम पोडावरचं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचं, मूल शाळेत आलं तर त्याला मराठी ही दुसरी भाषा. मेळघाटात कोरकूचं तेच, गडचिरोलीत गोंडी-माडियाचं तेच. तिथं पोडावरची एखादी आजी शाळेत येऊन त्यांच्या भाषेत गोष्ट सांगेल, तर ते माझ्या वाचनतासापेक्षा चार पटींनी मोलाचं आहे. ती निवृत्त नाही, तिला कुणी विचारलेलं नाही, एवढंच.

मोठ्यांसाठी उल्लास साक्षरता कार्यक्रम आहे, १५ वर्षांवरच्या असाक्षरांसाठी, आणि तो उभाच आहे स्वयंसेवकांवर. शाळेतच चौकशी करा. सही शिकणाऱ्या बाईला तिचंच नाव शिकवा, ‘कमल नमन कर’ नंतर.

*घरी जाऊन बसणं.* गावात अशी घरं आता बरीच झाली, जिथं म्हातारा-म्हातारी किंवा दोघांतलं एकच उरलं आहे आणि पोरं हिंजवडीला. अर्धा तास बसा. पुढे केलेला चहा नाकारू नका, तुम्हाला मधुमेह असेल तर बिनसाखरेचा मागा. सल्ला देऊ नका. आपल्या आजाराची गोष्ट तर मुळीच सांगू नका, नाहीतर त्यांनाच तुमचं सांत्वन करावं लागतं.

आणि आमच्या भागात एक घर असं असतं की त्याचं नाव गावात हळू आवाजात घेतात. कर्जानं, नापिकीनं घरचा माणूस गेलेलं घर. पहिले दिवस गर्दी असते, पुढारी येतात, फोटो होतात. तेरवी झाली की अंगण रिकामं होतं. तुम्ही तेरवीनंतर जा. ‘कसं झालं’ हे विचारू नका. ते त्याच्या बायकोनं ५० वेळा सांगितलेलं असतं. कागदाचं विचारा : मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली का, तलाठ्याकडे वारसाचा फेरफार लागला का, मदतीचा अर्ज तहसीलला गेला का, सोसायटीच्या कर्जाची नोटीस आली तर ती कुणी वाचून दाखवली का. कागदाच्या निमित्तानं दर पंधरा दिवसांनी जाता येतं, आणि तिला कुणाचे उपकार घेतल्यासारखंही वाटत नाही.

*झाडं आणि पाणी.* यावर फार लिहीत नाही. लावणारे पुष्कळ आहेत. मे महिन्यात पाणी घालणारा व्हा, दहा झाडं पुरे.

*भजन, बचतगट, गुरुदेव सेवा मंडळ.* पश्चिम विदर्भातल्या कितीतरी गावांत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची परंपरा अजून आहे. नवी संस्था काढण्याआधी जी आहे तिच्यात जा. बायांसाठी तर बचतगटाची बैठक हेच सगळ्यात सोपं दार, कारण तिथं जायला घरात कुणाची परवानगी मागावी लागत नाही. नोंदवही नीट लिहिणारी एक निवृत्त अंगणवाडी सेविका आमच्या तीन गटांचं काम बघते, आणि तिच्या आकड्यापुढे बँकवालेही बोलत नाहीत.

हंगाम आणि ऊन

शहरातले सल्ले इथं फसतात ते वेळापत्रकात. जून-जुलैत पेरणी आणि डवरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीपासून कापूस, मग तूर-हरभरा. या दिवसांत दुपारी गाव रिकामं असतं, तेव्हा साक्षरता वर्ग ठेवला तर तुम्ही आणि खडू दोघंच. वर्ग रात्री जेवणानंतर ठेवा किंवा फेब्रुवारी ते एप्रिल. पोळ्याच्या आठवड्यात काहीही ठरवू नका.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. म्हाताऱ्या शरीराला तहान उशिरा कळते, म्हणून तहान लागायची वाट न पाहता प्या. काम सकाळी दहाच्या आत आटोपा, डोक्याला दुपट्टा. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात. तुमची त्यातली आहे का आणि उन्हाळ्यात काय करायचं, हे डॉक्टरांना एप्रिलमध्येच विचारा, आपल्या मनानं बंद करू नका. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. चक्कर, बरळणं, अंग तापून कोरडं पडणं असं दिसलं तर सावलीत घ्या, ओल्या कापडानं पुसा आणि १०८ ला फोन करा. कांदा खिशात ठेवणाऱ्यांनी ठेवावा, पण पाण्याच्या बाटलीच्या जागी नको.

चार गोष्टींपासून लांब

कुणाचं पासबुक, एटीएम कार्ड रात्री आपल्या घरी ठेवू नका. ओटीपी आला तर त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हातानं. पैसे मोजायचे तर त्यांच्या मांडीवर. मी एकदा सोयीसाठी दोघींचे पैसे एकत्र आणले. शंभराची एक नोट कमी भरली, कुणाची ते कळेना. मी खिशातून भरली, पण महिनाभर दोघी माझ्याकडे आणि एकमेकींकडे वेगळ्याच नजरेनं बघायच्या.

गावात दोन पार्ट्या असतात. तुमच्या सोबत दोन्हीकडचे लोक एसटीत बसले पाहिजेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या महिन्यात कुणाच्याही बॅनरवर फोटो जाऊ देऊ नका, हौसेनं सुद्धा. आणि मदत घेणाऱ्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय असेल तर सोडा. हातात दोन केळी घेऊन कॅमेऱ्याकडे पाहणारी म्हातारी मला बघवत नाही.

पगारी माणसाचं काम फुकट करू नका. शाळेत शिक्षक कमी आहेत तर त्याची मागणी लेखी करा. तुम्ही रोज वर्ग सांभाळायला लागलात तर ती जागा कधी भरणार नाही.

मन साथ देत नसेल तर

वहीत तारीख, काम, तास लिहीत जा. तीन महिन्यांनी बघा. त्या दिवशी सकाळी उठावंसं वाटतं का, की कपाळाला आठी पडते? आठी पडत असेल तर काम बदला, त्यात कमीपणा नाही. तास वाढवण्याची घाई करू नका. जो आठवड्याला २० तास देतो तो पुढच्या वर्षी एकही देत नाही, असं मी पाहिलं आहे.

पण काही वेळा कारण कामात नसतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, ज्या गोष्टीत जीव रमायचा तीच नको वाटते, ‘आपण आता ओझं झालो’ असं मनात येतं. आपल्या पिढीत याला ‘वय झालं’ म्हणतात. हा आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. फोन लावायला संकोच वाटला तर आशाताईला सांगा. कुणाच्या घरी बसायला गेल्यावर समोरचा असं काही बोलला, तर ते हसण्यावारी नेऊ नका, आणि त्या दिवशी अर्ध्या तासात उठू नका.

वही दुसऱ्याच्या हाती

तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून जोडीदार शोधा. गुडघे थांबायच्या आत. मला गेल्या वर्षी एसटीचा निवृत्त कंडक्टर मिळाला. त्याला अर्जातलं ओ की ठो कळत नाही, पण सगळे ड्रायव्हर ओळखीचे, त्यामुळे काकूसाठी गाडी फाट्याऐवजी थेट बँकेसमोर थांबते. मी त्याला वही वाचायला दिली : कुणाचं काय अडलं, कोणत्या खिडकीवर कोण नीट बोलतं, कुणाची कोणती पोच कुठं आहे. दोन दिवसांनी त्यानं ती परत आणली. पहिल्याच पानावर त्यानं ‘मंगळवार’ खोडून ‘बुधवार’ लिहिलं होतं. मंगळवारी तालुक्याचा बाजार असतो, बँकेत पाय ठेवायला जागा नसते, बुधवारी अर्ध्या वेळात काम होते, म्हणाला. इतकी वर्षं मी मंगळवारच्या रांगेत उभा होतो.